‘सिटिझनवर टिक करा, कोण बघतंय?’ सरकारच बघतंय!

धाकट्या बहिणीने परवा रात्री फोटो पाठवला. टेबलावर फाफ्साचा, म्हणजे कॉलेजसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत मागायचा, छापलेला फॉर्म आणि नागरिकत्वाच्या प्रश्नातला पहिला गोल, ‘यूएस सिटिझन’, निळ्या पेनाने भरलेला. खाली तिचा प्रश्न: “दादा, बरोबर ना रे हे?” भाची बारावीत आहे. पुण्याहून टेक्सासला येऊन त्यांना दोन वर्षं झाली आणि सगळं घर एच-1बी (नोकरीचा) आणि एच-4 (त्याच्या कुटुंबीयांचा) व्हिसावर. नशीब, सही व्हायची होती!

मूळ कुठे, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा पाच मुद्द्यांचा मेसेज. ‘इमिग्रंट पालकांनो, हे कुणी सांगणार नाही’ छाप. मलाच तो तीन ग्रुपवर आला.

पहिला मुद्दा, नागरिक नसाल तर कॉलेजला अर्जच करता येत नाही. साफ खोटं. कॉमन ॲप (अनेक कॉलेजांचा एकच ऑनलाइन अर्ज) नागरिकत्व विचारतं, व्हिसा विचारतं आणि पुढे जातं.

दुसरा, ग्रीन कार्डवाल्यांना सरकारी मदत नाही. हेही खोटं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, मदतीच्या बाबतीत ग्रीन कार्डवाला नागरिकाच्याच रांगेत असतो. 2025-26 साठीचं 7,395 डॉलरपर्यंतचं पेल ग्रँटही (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं, परत न करायचं अनुदान) उत्पन्नाच्या अटीत बसला तर त्याला मिळतं.

तिसरा वाचून मात्र डोकं फिरलं. ‘एच-4 असलं तरी फाफ्सात सिटिझनवर टिक करा. कुणी तपासत नाही, नंतर दुरुस्त करता येतं.’ अहो, तपासतात! विद्यार्थ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर मागतात आणि नागरिकत्व सरकारी नोंदींशी ताडून बघतात. एच-4 वरच्या मुलांकडे तो नंबर सहसा नसतोच, म्हणजे मदत तर मिळणारच नाही. उरतो फक्त सही केलेला खोटा कागद. मुद्दाम खोटी माहिती दिली तर 20,000 डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही, हे फॉर्मवरच छापलेलं आहे.

पण दंड ही त्यातली किरकोळ गोष्ट. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात कलम 212(a)(6)(C)(ii) आहे. 30 सप्टेंबर 1996 पासून, कुठल्याही फेडरल किंवा राज्य कायद्याखालच्या लाभासाठी स्वतःला खोटेपणाने अमेरिकन नागरिक म्हणवणारा माणूस अमेरिकेत प्रवेशाला अपात्र ठरतो. तेही कायमचं, आणि ग्रीन कार्डच्या अर्जात त्याला माफीची तरतूद जवळपास नाहीच. व्हिसाची मुदत उलटून राहिलेल्यालाही कधीकधी वाट सापडते, इथे ती बंद होते. बाप दहा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा, आणि नंबर लागेल तेव्हा पोरीच्या फायलीतून हा गोल बाहेर यायचा! मेसेज लिहिणारा तेव्हा कुठे असेल?

चौथा, सरकारी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांना असते ती कमी फी फक्त नागरिकांना. हे राज्यागणिक बदलतं, पण टेक्सासपुरतं खोटंच. तिथे एच-4 वर अधिवास सिद्ध करता येतो. पालक बारा महिने तिथे कायमचे म्हणून राहत असल्याचे कागद लागतात.

पाचव्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो: ‘एच-4 ची मुलं परदेशीच धरली जातात.’ फेडरल मदत त्यांना नाही, आणि मदतीच्या वेळी बरीच कॉलेजं त्यांना परदेशी विद्यार्थ्यांतच मोजतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट प्रवेश देताना परदेशी मुलांचीही ऐपत बघत नाहीत, पण तिथे जागा किती आणि अर्ज किती! मात्र त्यावरून ‘आधी एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) घ्यावाच लागतो’ हा जो निष्कर्ष काढलाय तो चूक. एच-4 वर कॉलेज शिकता येतं, 21 वर्षं पूर्ण होईपर्यंत. उलट घाईने एफ-1 वर गेलात तर कमी फीचा हक्क हातचा जाऊ शकतो. खरी काळजी त्या 21 व्या वाढदिवसाची आहे. त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही.

बहिणीला लगेच फोन केला. तो कागद फाडायला लावला. मागून भाचीचा आवाज आला, “मामा, मग ‘नागरिकही नाही, मदतीला पात्र परदेशीही नाही’वर टिक करू?”

म्हटलं, तो फॉर्मच ठेव बाजूला. टेक्सासचे रहिवासी ठरतात पण फाफ्सा भरता येत नाही, अशांसाठी राज्याचा वेगळा अर्ज असतो, टास्फा. तो उघड. आणि आईला विचार, घराच्या भाड्याचा करार कुठे ठेवलाय.