ना हरकत, ना बरकत

गेले काही महिने मी चार ओळींच्या एका अर्जावर बसून आहे. "मी आपल्या संघटनेत गेली अकरा वर्षं पंच म्हणून काम करत असून काही वैयक्तिक कारणास्तव दुसऱ्या संघटनेत जाऊ इच्छितो, तरी मला ना हरकत दाखला मिळावा ही नम्र विनंती." झालं, एवढंच. मैदानावर एलबीडब्ल्यू मी दीड सेकंदात देतो, चुकला तर अकरा जण माझ्या आईची चौकशी करतात, तेही आता पचतं. पण हा अर्ज काही दिला जात नाहीये.

आधी मी कोण ते सांगतो. सोमवार ते शुक्रवार एका सहकारी बँकेत कॅश काउंटरला आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर पंच. आता पंच म्हटलं की आपल्याकडे लोकांना क्रिकेट सगळ्यात शेवटी आठवतं. लग्न जमवताना मध्यस्थाने सासऱ्यांना सांगितलं की मुलगा पंच आहे, ते बिचारे आठवडाभर कुठल्या ग्रामपंचायतीत, कुठल्या ग्रामपंचायतीत म्हणून शोधत होते. सोसायटीतून एकाची बाइक चोरीला गेली तेव्हा वॉचमनने हवालदारांना थेट माझ्या दारात आणून उभं केलं, साहेब हे पंच आहेत, आणि मी पण झोपेतून उठलेलो, केली पंचनाम्यावर सही. बाइक नाही सापडली. पण चहा पिता पिता हवालदारांनी सहज विचारलं, "तुमच्यात वर जायला काही चान्स असतो का हो?" आणि तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.

चान्स असतो, पण जिना असा आहे की आधी राज्य संघटनेची परीक्षा, मग त्यांच्या पॅनेलवर यायचं, मग वर्षानुवर्षं शाळांच्या, क्लबच्या, ऑफिसच्या मॅचेस करायच्या, आणि मग कधीतरी संघटनेने तुमचं नाव पुढे पाठवलं तर बोर्डाच्या, म्हणजे बीसीसीआयच्या, परीक्षेला बसायचं. बसायचं फक्त. पास होण्याचं वेगळं. २०२२ साली अहमदाबादला बोर्डाने एक परीक्षा घेतली, २०० मार्कांची, त्याला १४० जण बसले आणि ३ पास झाले. तीन! आणि पास झाल्यावर काय, तर महिलांच्या आणि ज्युनियरच्या मॅचेस करायला पात्र. त्याच वर्षी पेपरात आलं होतं की बोर्डाच्या वरच्या ग्रेडच्या पंचांना रणजीसारख्या मॅचला दिवसाला ४० हजार मिळतात. मी ते कात्रण फ्रिजवर लावलं. बायकोने त्यावर दुधाचा हिशोब लिहिला.

तर आमच्या यादीत मी आज सातवा आहे. अकरा वर्षांपूर्वी अकरावा होतो. या चार जागा मी कशा वर आलो तर दोघं रिटायर झाले, एक दुबईला गेला आणि एकाचा गुडघा गेला. म्हणजे माझी आजवरची सगळी प्रगती दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर उभी आहे. पुढच्या सहांपैकी चार जण रोज सकाळी योगा करतात. माझं वय अडतीस. बाकी हिशोब तुम्हीच करा.

आणि इथेच पलीकडच्या संघटनेचा विषय निघतो. आमची ती अलीकडची आणि ही पलीकडची, नावं घेत नाही कारण शनिवारी ड्युटी लागलीये. बाहेरच्या माणसाला कळत नाही की एका राज्यात एवढ्या संघटना कशाला, पण आपल्याकडे रणजीला मुंबई वेगळी, महाराष्ट्र वेगळा, विदर्भ वेगळा. मुंबईच्या ४२ ट्रॉफ्या (क्रिकेटचे कायदेही बरोब्बर ४२ आहेत, मुंबईकर यावर पण हक्क सांगतील), विदर्भाच्या तीन आणि त्या तिन्ही २०१७-१८ पासूनच्या, आणि महाराष्ट्राच्या दोन, १९३९-४० आणि १९४०-४१, त्यानंतर तिकडे नुसती वाट बघणं चालू आहे. गोवा धरलं तर मराठी बोलणाऱ्या पंचाला चार दारं. एवढ्या दारांमुळेच तर माणूस उंबऱ्यावर अडकतो राव, एकच दार असतं तर गुपचूप आत बसलो असतो.

आमच्यातलाच एक दोस्त तीन वर्षांपूर्वी पलीकडे गेला. तो दर रविवारी रात्री फोन करतो आणि तिकडे किती मॅचेस, लंचला पनीर, ड्युटी आठवडा आधी मोबाइलवर येते, स्कोअरिंग टॅबवर, हे सगळं सांगतो. आमच्याकडे ड्युटी शुक्रवारी रात्री साडेदहाला कळते आणि लंच म्हणजे ज्या टीमचा डबा आधी उघडेल तिकडे चेहरा करून उभं राहायचं. "तू ये रे इकडे, तुझं इंग्लिश चांगलं आहे," असं तो म्हणतो. पंचगिरीत इंग्लिशचा काय संबंध माहीत नाही, मला तर मॅचभर दोनच वाक्यं लागतात, 'राइट आर्म ओव्हर' आणि 'मागे हो रे पिचवरून'.

घरात विषय काढला तेव्हा मेहुणा जेवायला आला होता. मेहुण्याला क्रिकेटमधलं सगळं कळतं, फक्त ऑफसाइड कुठली ते डावखुरा खेळायला आला की विसरतो. तो म्हणाला, "भावजी, तो अर्जुन तेंडुलकर २०२२ ला गोव्याला गेला आणि पहिल्याच रणजी मॅचला सेंचुरी. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भात गेला, दोन रणजी घेऊन बसला. तुम्ही काय धरून बसलात?" मी म्हटलं अरे ते प्लेअर आहेत, त्यांना ॲव्हरेज असतं, माझं काय ॲव्हरेज सांगू, बारा अपील, एक आऊट? त्यावर बायको ताटावरून मान वर न करता म्हणाली, "आणि तो मुंबईचा यशस्वी जयस्वाल? त्याने २०२५ च्या एप्रिलमध्ये गोव्यासाठी एनओसी, तोच तुझा ना हरकत दाखला, मागितली आणि मे मध्ये परत घेतो म्हणाला." म्हटलं वा, ही पण फॉलो करते. "तो जयस्वाल आहे, त्याला परत घेतात," ती म्हणाली, "तुला घेतील का ते बघ." घरातला थर्ड अंपायर. रिप्ले न बघता निर्णय.

खरी गोची वेगळीच आहे. पंच कुणाचाच नसावा असं सगळे म्हणतात. १९८६ ला लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजच्या टेस्टला आपले पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी उभे राहिले, का, तर ते दोन्हीकडचे नव्हते म्हणून, तिथून न्यूट्रल पंचांची गोष्ट सुरू झाली. आणि आमच्याकडे बाउंड्रीजवळ खुर्ची टाकून बसलेला कुठलाही पदाधिकारी तुम्हाला पहिलं काय विचारतो? "तू कुणाचा?" यांचा की त्यांचा, जुन्या कमिटीचा की नव्या, कुणी आणलं तुला? निर्णय देताना कुणाचा नको आणि यादीत नाव लावताना कुणाचा तरी हवा. हे गणित मला अकरा वर्षांत सुटलेलं नाही, आणि पलीकडे ते वेगळं असेल असं समजायला मी काय आज आलोय का मैदानावर. आपल्याकडे मॅचच्या तिकीट-पासांवरून क्लब आणि असोसिएशनचं भांडण झालं म्हणून ब्रेबॉर्न स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आख्खं वानखेडे उभं राहिलं, तिथे माझ्या अर्जाची काय कथा.

तरी मी डिसेंबरात ठरवलंच होतं जायचं. त्याला कारण गुलमोहर.

आमच्या मैदानाच्या पश्चिमेला एक गुलमोहर आहे, त्याची सावली थंडीत चारच्या सुमाराला पिचवर येते. गुड लेंग्थच्या थोडी अलीकडे, बरोबर नको तिथे. रोज कुणीतरी बॅट्समन कुरकुरतो आणि रोज मी सांगतो, झाड आहे, खेळ. गंमत म्हणजे त्या अहमदाबादच्या परीक्षेत हाच प्रश्न होता, पॅव्हेलियनची, झाडाची किंवा फील्डरची सावली पिचवर पडली आणि बॅट्समनने तक्रार केली तर काय कराल? उत्तर असं की झाडाची आणि पॅव्हेलियनची सावली धरायची नाही, पण फील्डरने स्थिर राहायचं, त्याची सावली हलली तर डेड बॉल, म्हणजे तो बॉल धरायचाच नाही. पेपरात वाचलं तेव्हा मी बँकेत ओरडलो होतो, अरे हा तर माझा रोजचा चारचा प्रश्न!

तर त्या दिवशी क्लबची मॅच, शेवटची जोडी, आठ रन हव्यात. मी बोलरच्या एंडला. सिली पॉइंटला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ, एक सोळा-सतरा वर्षांचं पोरगं, उंच, सावली त्याच्याहून उंच. बोलर पळत आला आणि ऐन वेळी या पोराला नाक खाजलं. हात वर गेला, कोपर बाहेर आलं, आणि त्या कोपराची सावली पिचवरून सर्रकन सरकली, बॅट्समनची नजर हललेली मी बघितली. मी "डेड बॉल" ओरडलो. बोलरच्या हातून बॉल सुटलाच. आणि मिडल स्टंप उडाला.

पुढची चार मिनिटं मी इथे लिहू शकत नाही. त्यांचा कॅप्टन म्हणाला, "कसला डेड बॉल?" मी म्हटलं, "सावली हलली." तो झाडाकडे बघायला लागला. मी म्हटलं झाडाची नाही, याची. सगळ्यांनी त्या पोराकडे बघितलं तर पोरगं आता पुतळ्यासारखं उभं. मॅच पुढे चालू झाली, शेवटच्या जोडीने आठ रन काढल्या. मॅचनंतर कॅप्टन पंचांचा रिपोर्ट भरतो, दहापैकी मार्क आणि खाली शेरा, आणि हरलेल्या कॅप्टनच्या हातात पेन देण्याची ही पद्धत ज्याने काढली त्याला एकदा बँकेच्या काउंटरला माझ्या जागी बसवलं पाहिजे. मला दहापैकी तीन. शेरा: "पंचांना सावल्या दिसतात."

तो रिपोर्ट कमिटीत मोठ्याने वाचला गेला. तेव्हापासून ग्रुपवर मी ड्युटी कन्फर्म केली की कुणीतरी हमखास लिहितं, मैदान सावलीचं आहे, जपून.

त्या दिवशी एकच माणूस माझ्याजवळ आला, स्कोअरर काका. हे गृहस्थ पंचवीस वर्षं एकाच टेबलावर, एकाच छत्रीखाली, तीन रंगांच्या पेनांनी स्कोअरबुक लिहितात. मॅचमध्ये दर ओव्हरला आमचं एकमेकांकडे बघणं असतं, मी हात वर करतो, ते हात वर करतात, एवढंच नातं. ते म्हणाले, "अरे, मी विकेट लिहिली होती, खोडली. पंचवीस वर्षांत पेनाने लिहिलेली विकेट पहिल्यांदा खोडतोय." मी म्हटलं सॉरी काका. तर म्हणाले, "सॉरी काय, बरोबर होतं ते. मला इथून त्याचं कोपर दिसलं ना." आणि पिशवीतून अर्धा लाडू काढून दिला. आता सांगा, पलीकडे टॅबवर खोडलेली विकेट कुणाला दिसणारे? १९८८ ला आझाद मैदानावर तेंडुलकर-कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप झाली ती पानवाल्याला पण पाठ आहे, त्या दिवशी पंच कोण होते विचारा की कुणालाही. आपलं कुणीतरी बघितलं, एवढंच काय ते मिळतं यात.

तरी पण दहापैकी तीन डोक्यातून जाईना. जानेवारीत टाइप केलेला अर्ज घेऊन सेक्रेटरी साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला. "काय रे, रागावलास होय सावलीवरून?" म्हटलं नाही साहेब, करिअरचा विचार करतोय. 'करिअर' शब्द ऐकून शेजारचे खजिनदार खोकायला लागले. साहेब म्हणाले, "जा की, आमची काय हरकत असणार? फक्त हे हाताने लिहून आण. टाइप केलेलं कसं भांडणाचं वाटतं." मग फेब्रुवारीत हाताने लिहून नेला तर साहेब लग्नाला. मार्चमध्ये क्लोजिंग. एप्रिलमध्ये साहेब भेटले पण त्यांनीच आधी विचारलं, "अंडर सिक्स्टीनची सेमीफायनल करशील का?" आणि मी हो म्हटलं, अर्ज खिशातच. त्या सेमीफायनलला तर बोर्डाच्या पॅनेलवरचे एक निवृत्त पंच बघायला येणार होते म्हणे. नाही आले. त्यांचा पण गुडघा.

मागच्या रविवारी मॅच होती, अर्ज आतल्या खिशात होता, म्हटलं आज काहीही झालं तरी संध्याकाळी द्यायचा. साडेतीनला अवकाळी आला. आला तो असा की बेल्स उचलून, स्टंप काखेत मारून पळेपर्यंत आम्ही दोन्ही पंच आरपार भिजलो. स्कोअरर काकांच्या छत्रीखाली चौघं उभे, काकांनी स्कोअरबुक बनियनच्या आत घातलेलं. ते म्हणाले खिशात काही कागद-बिगद असतील तर बघ रे. मी अर्ज काढला. जेल पेनने लिहिलेला, सगळी निळी शाई एकमेकांत मिसळून गेलेली, 'ना हरकत' गेलं, 'करिअर' तर मी लिहिलंच नव्हतं, अकरा वर्षं वाहून गेली, फक्त तळाशी डाव्या कोपऱ्यात 'आपला विश्वासू' तेवढं स्वच्छ राहिलेलं.

काकांनी चष्मा पुसून ते वाचलं. म्हणाले, "कुणाचा?"

मी म्हटलं, काका, ओव्हर किती झाल्या होत्या?