‘स्टेबल’ हे नाव नव्हे, पद आहे

डेबियन या लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीवरच्या माझ्या लेखाला आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन आरोप आहेत. त्या लेखातली सोर्सेस लिस्टची (सॉफ्टवेअर कुठल्या आवृत्तीतून घ्यायचं ते सांगणाऱ्या फाइलची) ओळ तुम्ही जशीच्या तशी उतरवलीत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दुकानातला जुना ३२ बिटी संगणक अर्धा डेबियन १२, अर्धा डेबियन १३ होऊन बसला, हा पहिला. आधी ‘स्थिर’ म्हणायचं आणि मग ‘स्थिर म्हणजे बंद न पडणारं असं नव्हे’ म्हणायचं, ही शब्दांची कसरत आहे, हा दुसरा. आणि आवृत्त्यांना खेळण्यांची नावं ठेवण्यापेक्षा, डेबियनवरच बेतलेल्या उबुंटूसारखं २४.०४ लिहिलं की वर्ष-महिना दोन्ही कळतात, हा तिसरा.

पहिला मान्य. चूक माझी. त्या ओळीत मी ‘स्टेबल’ लिहिलं, तिथे ‘बुकवर्म’, म्हणजे डेबियन १२ चं कोडनेम, हवं होतं. ‘स्टेबल’ हे कुणाचं नाव नाही, ते पद आहे. ‘तहसीलदार’ एवढंच लिहून पत्र टाकलं तर बदलीनंतर ते नव्या साहेबांच्या टेबलावर जाणारच. ९ ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी, म्हणजे डेबियन १३, त्या खुर्चीत बसली आणि बुकवर्म ‘ओल्डस्टेबल’ झाली. तुमच्या संगणकाने इमानेइतबारे नव्या साहेबांचे हुकूम पाळले. सॉफ्टवेअर उतरवून बसवणाऱ्या अ‍ॅप्टने बहुतेक विचारलंही असेल, की रिपॉझिटरीचं (सॉफ्टवेअरच्या कोठाराचं) कोडनेम बदललंय, पुढे जाऊ का? पण गिऱ्हाईक समोर उभं असताना असा प्रश्न शांतपणे वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. मीही ‘वाय’ दाबलं असतं. त्यात ट्रिक्सीपासून ३२ बिटी पीसीला ना इन्स्टॉलर, ना कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा). मागे फिरायची अधिकृत वाटही नाही, डेबियनमध्ये डाउनग्रेडला आधार नसतो. तेव्हा डेटा काढून घ्या, बुकवर्म नव्याने टाका आणि या वेळी ओळीत नाव लिहा. बुकवर्मची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती जून २०२६ पर्यंत आणि एलटीएस, म्हणजे वाढीव मुदतीची दुरुस्ती, जून २०२८ पर्यंत आहे. तोवर दुसरं यंत्र बघावं लागेल, हेही आताच सांगून ठेवतो.

दुसरा आरोप अर्धा मान्य. ‘स्थिर’ हा शब्द मी वापरला आणि तो ऐकून कुणालाही ‘भक्कम’ असंच वाटणार. डेबियनच्या बोलीत स्टेबल म्हणजे न हलणारं. रिलीज झाल्यावर पॅकेजच्या (एकेका प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याच्या) आवृत्त्या सहसा बदलत नाहीत. दोष राहतात, पण तेच राहतात, आणि दोन वर्षांत आपल्या ओळखीचे होतात. सुरक्षेचं ठिगळ लावायचं तेही बहुधा जुन्याच आवृत्तीला. म्हणून आकड्याच्या शेपटीला ‘डेब१२यू१’, ‘डेब१२यू२’ असं वाढत जातं. सुरक्षा तपासणारा स्कॅनर नुसता पुढचा आकडा पाहून ‘जुनं आहे’ म्हणून ओरडतो, शेपटी वाचत नाही.

स्टेबलखेरीज डेबियनच्या आणखी दोन शाखा आहेत, ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’. मला विचाराल तर फसवं नाव ‘अनस्टेबल’ नाहीच. रोज हलणार, हे ते तोंडावर सांगतं. फसवं आहे ते ‘टेस्टिंग’. लोकांना वाटतं, स्टेबल आणि अनस्टेबलच्या मधलं, म्हणजे बेताचं सुरक्षित. पण अनस्टेबलमध्ये काही दिवस काढून, नवा गंभीर दोष नाही असं दिसल्यावरच पॅकेज टेस्टिंगमध्ये उतरतं, आणि तोच उंबरठा सुरक्षा-दुरुस्तीलाही अडवू शकतो. घाईची दुरुस्ती अनस्टेबलमध्ये आलेली असते आणि टेस्टिंगवाला वाट पाहत बसलेला असतो.

तिसरा आरोप मात्र अमान्य. खेळण्यांची नावं पोरखेळ म्हणून आलेली नाहीत. १९९५ च्या अखेरीस एका सीडी विक्रेत्याने डेबियनची अर्धवट, चालू कामातली प्रत ‘१.०’ म्हणून विकायला काढली. मग डेबियनने १.० हा आकडाच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ आणली, कोडनेम ‘बझ’. तेव्हा प्रकल्पाची सूत्रं ब्रूस पेरेन्स यांच्याकडे होती आणि ते नोकरीला पिक्सारमध्ये, त्यामुळे पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी’ या खेळण्यांच्या सिनेमातली पात्रं हाताशीच होती. काम चालू असताना डिरेक्टरीवर आकडा नसला की कच्चा माल पक्का म्हणून खपवायला वाव कमी. शिवाय रिलीजच्या दिवशी नुसता ‘स्टेबल’चा दुवा वळवायचा, जगभरच्या मिररना (प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरना) सगळा ढीग पुन्हा उतरवून घ्यावा लागत नाही.

आता उबुंटू. तारखेचा आकडा आधी जाहीर करायचा तर तारीख पाळावी लागते. २००६ ची एप्रिलची आवृत्ती सहा आठवडे लांबली आणि ६.०४ ची ६.०६ झाली. डेबियनची वुडी जुलै २००२ ची, पुढची सार्ज थेट जून २००५ ची. तिचा आकडा तारखेवरून ठेवला असता तर किती वेळा खोडला असता? आणि तुमच्या २४.०४ ची सोर्सेसची फाइल उघडून पाहा. तिथे २४.०४ नाही, ‘नोबल’ हे कोडनेम लिहिलेलं आहे.

एक नाव तेवढं कायमचं आहे, ‘सिड’. सिनेमात खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. अनस्टेबलला ते नाव दिलंय आणि त्याची कधी बढती होत नाही.

मूळ लेखातली ओळ आज दुरुस्त केली आहे. जुनी ओळ खोडून तिथेच ठेवली आहे, म्हणजे आणखी कुणी ती उतरवली असेल तर त्याला आपली कुठली ते ओळखता येईल.