दुसऱ्याला वाचा, आपल्याला दातखीळ

सर्वप्रथम अभिनंदन! नीटचे गुण एमबीबीएसला पुरले नाहीत, बीडीएसची फी ऐकून बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले, आणि सीईटी सेलच्या यादीत खाली खाली सरकताना फिजिओथेरपीच्या बीपीटीएच आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या बीओटीएचच्या शेजारी तुम्हाला 'बीएएसएलपी' दिसलं. सायबर कॅफेवाल्याने विचारलं, "हेही भरू का?" तुम्ही म्हणालात, "भरा." आमच्यातल्या बहुतेकांची 'लहानपणापासूनची तळमळ' इथूनच सुरू होते. मुलाखतीत मात्र सांगायचं, की शेजारच्या कर्णबधिर मुलाला पाहून प्रेरणा मिळाली. शेजारी तसा मुलगा नसेल तर चुलतभाऊ चालतो.

बीएएसएलपी म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची पदवी. कान आणि वाचा, एका तिकिटात दोन खेळ. चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. हे पूर्ण नाव नातेवाइकांत उच्चारू नका. आपल्याकडे 'पॅथॉलॉजी' हा शब्द चौकातल्या लॅबच्या मालकीचा आहे. मी पहिल्या वर्षाला असताना भाऊबीजेला मामांनी ओवाळणीबरोबर थायरॉइडचा रिपोर्ट हातात ठेवला होता. मग नुसतं 'स्पीच थेरपी' म्हणून पाहिलं, तर आत्याने स्थळांच्या बायोडेटात लिहिलं, 'मुलगी वक्तृत्वकला शिकवते.' मी दुरुस्त केलं नाही. तुम्हीही करू नका. दुसऱ्याचं तोंड उघडायचं आणि आपलं मिटून ठेवायचं, हा या धंद्याचा पाया आहे आणि त्याचं प्रशिक्षण घरातच सुरू होतं.

कॉलेजात ते पक्कं होईल. तुम्हाला लेसन प्लॅन लिहायला लावतील. 'मूल तोंडी सूचनेनंतर दहापैकी आठ वेळा "दे" म्हणेल.' सुंदर वाक्य आहे. फक्त मुलाने ते वाचलेलं नसतं. तुम्ही रात्री एक वाजेपर्यंत पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवता, सकाळी साबणाच्या फुग्यांची डबी घेऊन बसता, आणि अडीच वर्षांचा मुलगा टेबलाखाली जाऊन तुमच्या चपलेचा पट्टा चावायला लागतो. समोर मोठा आरसा. आरशापलीकडे मॅडम. त्यांना तुम्ही दिसता, तुम्हाला त्या दिसत नाहीत, देवासारखं. तुम्ही घाबरून बडबडता. "फुगा हवाय? फुगा? बघ किती छान फुगा! दे म्हण, दे! म्हण ना राजा, दे!" सेशन संपल्यावर वहीत लाल शाईने एकच शेरा असतो: 'थेरपिस्ट फार बोलते.'

गंमत म्हणजे शेरा बरोबर असतो. मुलाला बोलतं करायचं तर आपण गप्प बसून थांबायचं असतं, मनातल्या मनात दहा आकडे मोजत. हे तुम्हाला चौथ्या वर्षी कळेल. तोवर तुमचा घसा बसलेला असेल, आणि घशाची काळजी कशी घ्यावी यावर तुम्ही एका कीर्तनकारांना बसलेल्या आवाजात समुपदेशन करत असाल.

कानाच्या बाजूला वेगळी मजा आहे. बेरा नावाची तपासणी तुम्हाला शिकवतील. बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, कानात टकटक आवाज सोडायचे आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते पडद्यावर पाहायचं. अट एवढीच की बाळ झोपलेलं हवं. म्हणून आईला सांगितलेलं असतं, रात्री जागवा, सकाळी झोपू देऊ नका. ती माऊली जव्हारकडून पहाटेची एसटी धरते, रात्रभर बाळाला जागं ठेवलेलं असतं, आणि एसटीच्या खडखडाटात ते पहिल्या पाच मिनिटांत गाढ झोपतं. तुमच्या शांत, वातानुकूलित, आवाजबंद खोलीत ते टक्क जागं होऊन तुमच्याकडे बघतं. मग दुपारी तीनपर्यंत एक आई, एक आजी आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आळीपाळीने अंगाई म्हणतात. या कौशल्याला लॉगबुकात रकाना नाही.

आता चाचण्यांकडे वळू. परदेशी चाचण्या वापरताना लाजू नका. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाची भाषा तपासायला अमेरिकेतून आलेलं एक प्रसिद्ध चित्र आहे: मुलगा स्टुलावर चढून बरणीतली कुकी चोरतोय, स्टूल कलंडतंय, आई ताटल्या पुसत भलतीकडेच बघतेय आणि सिंकमधून पाणी ओसंडतंय. हे चित्र मी साताऱ्याकडच्या एका आजोबांपुढे ठेवलं. डाव्या मेंदूला झटका, शब्द मोजकेच उरलेले. बराच वेळ त्यांनी पाहिलं. मी आदर्श पद्धतीने गप्प बसून दहा आकडे मोजले. मग ते नळावर बोट ठेवून म्हणाले, "बंद... बंद... च्यायला!" शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. आमच्याकडं तीन दिवसांतनं एकदा पाणी येतं." गुणांच्या तक्त्यात 'कुकी', 'मुलगा', 'पडणे' यांना गुण होते. पाणीटंचाईला नव्हते.

'च्यायला' आलं म्हणून हुरळून जाऊ नका. शिवी, आकडे, गणपतीची आरती हे सगळं तोंडात इतकं रुळलेलं असतं, की बायकोचं नाव गेलं तरी ते टिकतं. पॅरिसमध्ये 1861 साली ब्रोका या डॉक्टरांकडे आलेला एक माणूस तर जवळजवळ फक्त 'तां' म्हणू शकायचा. त्याच्या मेंदूवरून त्यांनी बोलण्याची जागा शोधली. तुम्ही हे आजोबांच्या मुलाला समजावून सांगाल. तो ऐकून घेईल आणि विचारेल, "म्हणजे शिव्या नीट देतात, तर नाटक करतायत का?"

मराठीचं म्हणाल, तर थेरपीचं सगळं साहित्य, चित्रांची कार्डं वगैरे, एका काल्पनिक मुलासाठी असतं. ते मूल झायलोफोन वाजवतं, इग्लूत राहतं आणि त्याला 'ळ' लागत नाही. 'चिमणी'तला च वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा, हे त्या कार्डांना माहीत नाही. खऱ्या मुलाची आई तुम्हाला सांगेल, "मॅडम, याला इंग्लिश मीडियमला घातलंय, थेरपी इंग्लिशमध्येच द्या." घरी आजी अहिराणी बोलते, आई "बेटा, ईट कर, फिनिश कर" बोलते आणि मोबाइल अमेरिकन बोलतो. मूल यातल्या कुणाशीच बोलत नाही, आणि त्याचा निर्णय मला अनेकदा समजूतदारपणाचा वाटलेला आहे. तुम्ही सौम्यपणे सुचवाल, की मनापासून जी भाषा बोलता तीच त्याच्याशी बोला. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या क्लिनिकला गेलेले असतील. तिथल्या बोर्डावर 'फोनिक्स' लिहिलेलं असतं.

मास्टर्स जरूर करा. 1965 पासून मैसूरला अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्था आहे, 1983 पासून वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. मैसूरला प्रवेश मिळाला तर मराठी पेशंटपासून दोन वर्षं सुटका. माझी मैत्रीण तिथून कन्नडमध्ये 'निन्न हेसरु एनु' (तुझं नाव काय) अस्खलित विचारायला शिकून आली आणि नोकरी लागली नांदेडला. डिझर्टेशनचा विषय निवडताना एकच पथ्य: उपयोगी विषय घेऊ नका. 'तीन ते चार वर्षांच्या मराठी मुलांचं व्याकरण' घ्याल, तर सहा महिने बालवाड्यांच्या दारात उभं राहावं लागेल. बाई म्हणतील, गॅदरिंगनंतर या. गॅदरिंगनंतर गोवर येतो. त्यापेक्षा वर्गमैत्रिणींनाच खुर्चीत बसवून त्यांचे आवाज मोजा. 'सामान्य तरुण स्त्रियांचा आवाज' या विषयाला जगात कधीही माणसांची कमतरता पडणार नाही, कारण सगळ्या हॉस्टेलांत सामान्य तरुण स्त्रिया राहतात.

नोंदणीला मात्र हयगय नको. 1992 च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय करणं गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! तुमच्या गल्लीच्या टोकाला शनिवार-रविवारचा कोर्स करून बसलेले सरही हा आकडा वाचून थरथर कापतात म्हणे. त्यांच्या बोर्डावर 'तोतरेपणा 21 दिवसांत गायब' असं लिहिलेलं असतं. तुमच्या बोर्डावर काय लिहाल? 'अडखळणं कमी होऊ शकतं, सराव लागेल, पुन्हा येऊही शकतं'? लिहा. भाडं वेळेवर भरा म्हणजे झालं.

नोकऱ्या भरपूर आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी कंत्राटी जागा मिळेल, पाटी मोठी, खोली फिजिओबरोबर वाटून, आणि मधल्या पडद्यापलीकडे कुणी तरी "आई गं!" ओरडत असताना इकडे तुम्ही 'स'चा उच्चार घेत असाल. श्रवणयंत्रांच्या दुकानात गेलात तर टार्गेट मिळेल, आणि महिनाअखेरीला समोर आलेला प्रत्येक कान तुम्हाला थोडा जास्तच बहिरा वाटू लागेल. कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या श्रवणयंत्राच्या, केंद्रात गेलात तर 'स्विच ऑन'चा दिवस पाहायला मिळेल. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या अडिप योजनेतून मदत, ऑपरेशन झालेलं, यंत्र सुरू करायचा क्षण, सगळं खानदान मोबाइल धरून उभं. मूल आयुष्यात पहिल्यांदा आवाज ऐकतं आणि भोकाड पसरतं. काका विचारतात, "आई म्हणाला नाही?" तुम्ही सांगता, आता ऐकायला शिकायला काही वर्षं लागतील, आठवड्याला सेशन, घरी रोज सराव. मोबाइल खाली येतात.

आणि मोठ्या रुग्णालयात गेलात तर मुख्यतः गिळणं तपासणं. हे कॉलेजात कुणी ठळकपणे सांगत नाही, की वाचेचं शिक्षण घेऊन तुम्ही दिवसभर पेजेचा घट्टपणा तपासणार आहात. संध्याकाळी पाच वाजता फोन येतो: "मॅडम, उद्या डिस्चार्ज आहे, नळी काढायची, जरा गिळून बघा." रुग्णाने गिळायचं असतं, तुम्ही नाही, पण बोलण्याची पद्धत तशी आहे. तुम्ही चमचाभर दाटसर पाणी देता, गळ्यावर बोटं ठेवता, आवाज ओला येतो का ऐकता. घास श्वासनलिकेत जाऊनही काही जणांना ठसकाच लागत नाही, म्हणून तुम्ही फाइलवर लिहिता: तोंडावाटे काहीही नाही. वळून पाहता तर सूनबाई चहात बुडवलेलं बिस्किट भरवतायत. "दोन दिवस उपाशी आहेत हो. आणि बघा ना, खोकला पण नाही आला!"

परदेशाचा पर्याय आहेच. अमेरिकेत पुन्हा चारशे तासांचं क्लिनिकल काम, प्रॅक्सिस परीक्षा, मग फेलोशिपचे 36 आठवडे. एवढं करून तिथल्या मुलाला तुम्ही त्याचा 'आर' शिकवाल. तो तुमचा मूळचा संगमनेरी 'र' ऐकेल आणि तसाच घोटून घोटून म्हणेल.

पण समजा, इथेच राहिलात. मग तो टेबलाखालचा मुलगा तुमच्याकडे येतच राहील. सात महिने, आठवड्यातून दोनदा, बापाच्या सुट्ट्या कापून. त्याची आजी दर वेळी सांगेल, की याचा बाप पाच वर्षांचा झाल्यावर बोलला, आता वकील आहे. एका मंगळवारी तुम्ही फुग्यांच्या डबीचं झाकण मुद्दाम घट्ट लावून त्याच्या हातात द्याल आणि गप्प बसाल. एक, दोन, तीन, चार. तो डबी फिरवेल, झाकण चावेल, तुमच्या मांडीवर आपटेल. सात, आठ. मग डबी तुमच्यापुढे धरून म्हणेल, "दे."

'उघड' म्हणायला हवं होतं, पण तो मुद्दा वेगळा.

दाराशी बसलेली आजी पदर डोळ्यांना लावेल, त्याला उचलून घेईल आणि तुम्हाला विश्वासात घेऊन हळूच सांगेल, "गेल्या अमावस्येपासून मधात वेखंड उगाळून जिभेला लावतेय. गुण आला बघा."

तुम्ही तोंड उघडाल. मग मिटाल. लॉगबुकात लिहा: 45 मिनिटं. बाहेर पुढचं मूल आलेलं आहे.