मेसेज येऊ दे, पण त्यात आजाराचं नाव नको

एचआयव्ही असलेल्या तरुण मुलांचे उपचार सुटू नयेत म्हणून मोबाईलवर आठवण पाठवावी, असं एका लेखात वाचलं. म्हणणं पटतं. पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात फोन एकट्याचा कुठं असतो? माझा भाचा जन्मापासून हा आजार घेऊन वाढला, आता 19 वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याच्या तारखेचा मेसेज आला तेव्हा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि उचलला शेजारच्या पोरानं. मेसेज कन्नडमध्ये, त्यात 'एआरटी', म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं नाव, ठळक. पुढं दोन महिने भाचा गोळ्या आणायला गेलाच नाही.

तो विसरत नाही हो, लपवतो. गोळ्यांची बाटली बॅगेत खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबतो. अशा मुलाला गजर लावून काय उपयोग?

असे मेसेज तपासून बघणाऱ्या केनियातल्या एका अभ्यासात (2010) आठवड्यातून एकदा फक्त 'कसं काय?' असा मेसेज जायचा, अडचण कळवली की नर्स फोन करायची. त्याचा फायदा दिसला. आपल्या दक्षिण भारतातल्या अभ्यासात (2014) मात्र दर आठवड्याचे आपोआप येणारे कॉल आणि चित्राचे मेसेज पाठवूनही फरक पडला नाही. माझ्या मते पलीकडं ऐकणारं माणूस हवं, आणि भाषा मुलाची हवी. गुप्तता तर 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानंच दिलेला हक्क आहे.

आता एक समुपदेशक बाई भाच्याला दर रविवारी मराठीत एवढंच विचारतात, 'जेवलास का?' 'जेवलो' म्हणजे गोळी घेतली, असं दोघांचं ठरलंय.