रेल्वेने आणलेला समुद्र

समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर मत्स्यालय कशाला, असं कोणी विचारलं की मला ते खुळचट वाटायचं. पैसा आहे, काच आहे, आणा की मासे! पाण्याचं गणित कळल्यापासून मी जरा नरमलोय.

शिकागोचं शेड मत्स्यालय १९३० साली उघडलं तेव्हा समुद्र चक्क रेल्वेने आणला होता. फ्लोरिडातल्या की वेस्टहून २० टँकर-वाघिणींच्या आठ फेऱ्या, १० लाख गॅलन खारं पाणी. आता तो द्राविडी प्राणायाम सहसा कोणी करत नाही. नळाचं पाणी घ्यायचं, क्लोरीन काढायचं आणि लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार मिसळायचे. स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे हं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट सगळं समुद्रातल्या प्रमाणात. दहा लाख लिटरच्या टाकीला ३५ टन!

पण खरी मेख पुढेच आहे. किनाऱ्यावर पंप लावला की ताजं पाणी हजर. इथे तेच ते पाणी फिरवत राहायचं. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, गाळणीतले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट साचतच जातं. ते खाणारे वेगळे जिवाणू पोसा, नाहीतर पाणी बदला. बदललेलं ओतणार कुठे? गोड्या नदीत खारं पाणी सोडलं तर तिथले जीव मरायचे. त्यात बाष्पीभवनाने पाणी उडतं, क्षार मागेच राहतात, म्हणून रोजची भर मात्र गोड्या पाण्याची!

प्रवाळाच्या एखाद्या टाकीसाठी हा खटाटोप मला मान्य आहे. समुद्र न पाहिलेल्या पोराने समुद्रघोडा बघावाच. पण जगातला सर्वांत मोठा मासा? अटलांटाच्या जॉर्जिया मत्स्यालयाने तैवानहून विमानाने व्हेल शार्क आणले. त्यांतले दोन २००७ मध्ये मेले. तिथली माणसं अडाणी नव्हती, टाकीही अवाढव्य होती. तरी मला यात मिरवण्याची हौसच जास्त दिसते.

समुद्र नसलेल्या शहरांनी नद्या-तळ्यांतले मासे दाखवावेत, असं माझं सरळ मत आहे. 'ते मातकट मासे बघायला कोण येणार?' असं विचारणाऱ्यांसाठी पुन्हा शेडकडेच जाऊ. तिथे १९३३ साली ऑस्ट्रेलियाहून गोड्या पाण्यातला एक फुफ्फुसमासा आला. नाव पडलं 'ग्रँडडॅड'. ना रंग, ना ऐट, हालचाल नावापुरती. २०१७ पर्यंत, म्हणजे ८४ वर्षं, लोक त्याच्या काचेपुढे उभे राहत होते. आणि रेल्वेने आणलेल्या त्या समुद्राचा एक थेंबही त्याला कधी लागला नाही.