रोल धुवायला टाकलाय

काकांचा पेंटॅक्स के-१००० कॅमेरा कपाट आवरताना सापडला आणि मला रोलवर माणसांचे फोटो काढायचं वेड लागलं. त्याच कपाटात काकूंचं विणकामाचं मशीनही सापडलं होतं, त्याचं वेड लागलं असतं तर निदान स्वेटर तरी मिळाले असते, असं बायकोचं म्हणणं.

कॅमेऱ्याचं हे मॉडेल १९७६ साली निघालं. यात सगळं हातानं करायचं. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या सुईला. माणूस समोर बसला की मी आधी सुई मध्यावर आणतो, मग भिंग फिरवत फिरवत डोळ्यांवर फोकस करतो. तोवर माणूस तयार झालेला असतो, म्हणजेच बिघडलेला असतो. आमचे मामा एरवी वाक्यागणिक हसतात. कॅमेरा दिसला की पोट आत, छाती बाहेर, श्वास बंद. माझा फोकस होईपर्यंत चेहरा तांबडा होऊन जांभळ्याकडे झुकतो. (मी कृष्णधवल रोल वापरतो, त्याचं हेही एक कारण.) खटका वाजला की मामा "हुश्श" करतात आणि तेव्हा जो चेहरा उमटतो तो खरा त्यांचा. पण त्या क्षणी मी पुढच्या फोटोसाठी रोल सरकवणारी लिव्हर ओढत असतो. तेवढ्यात पोरं धावत येतात, "दाखव, दाखव!" कॅमेऱ्याच्या पाठीवर दोनदा बोट सरकवून पाहतात आणि माझ्याकडे दयेनं बघतात.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याला मामांकडे सत्यनारायण होता. सगळं गोत जमलं होतं. आजीनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "माझा एक चांगला काढ. हार घालायला लागेल तेव्हा शोधाशोध नको." नऊवारी, नथ, ओसरीवरची खुर्ची, दाराकडून तिरपा उजेड. काढताना माझाच हात थरथरत होता. एकेक फोटो वहीत टिपत गेलो. रोल ३६ फोटोंचा, पण ३६ झाले तरी लिव्हर चालूच. ३७वा कधीकधी निघतो, आपलं नशीब! ३८, ३९... ४१व्याला मी मामींना म्हटलं, "बघा मामी, कंपनीनं जास्त दिलाय रोल."

पुण्याला येऊन बाथरूम ताब्यात घेतलं. "रोल धुवायचाय," म्हटल्यावर बायको म्हणाली, "धुण्याच्या बाईंना देऊन टाक, त्या काय ते उरकतील." नळाचं पाणी मे महिन्याचं, औषधाला हवं २० अंश. फ्रीजमधला बर्फ संपला, शेजारच्यांचाही संपला. काळ्या पिशवीत हात घालून, काही न दिसता रोल रिळावर चढवला आणि रीळ धुवायच्या छोट्या टाकीत बंद केलं. चित्र उमटवणारं डेव्हलपर साडेसात मिनिटं, मग ते पक्कं करणारं हायपो, मग पाणी. टाकी उघडून फिल्म उलगडली.

काच! स्वच्छ, आरपार. पलीकडची बादली दिसत होती, फोटो एकही नाही. काठावर मात्र कंपनीनं कारखान्यातच उजेडानं छापलेले १ ते ३६ आकडे ठसठशीत उमटले होते. म्हणजे माझं औषध बरोबर, तापमान बरोबर, वेळ बरोबर. चुकलं एवढंच, की रोलचं टोक पलीकडच्या दांडीत अडकलंच नव्हतं. दिवसभर मी लिव्हर ओढत होतो आणि रोल डबीत गाढ झोपला होता. लिव्हर ओढताना डावीकडचा रिवाइंडचा, म्हणजे रोल परत गुंडाळायचा, नॉब आपोआप फिरतोय का, एवढं पाहायचं असतं. शेंबडं पोरसुद्धा पाहील.

पुढच्या रविवारी पुन्हा सातारा. आजीला खरं सांगावंच लागलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी उगाच नथ घातली?"

"आजी, आता चूक नाही होणार. हा नॉब फिरला की रोल पुढे गेला."

"दाखव कुठला तो." नीट पाहून घेतला, नथ घातली, खुर्चीत बसली. मी फोकस केला, खटका दाबला, लिव्हर ओढली.

"फिरला रे!" आजी ओरडली.

यावेळी ३६च्या ३६ फोटो आले. उजेड सुरेख, नथीचा मोतीन् मोती मोजून घ्यावा. आणि एकूण एक फोटोत आजी भिंगाकडे न बघता, कपाळाला आठ्या घालून, कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यावर डोळा ठेवून बसली आहे.