हा कर्ण दानशूर नाही

छोटा लॅपटॉप शोधणाऱ्या माणसाच्या अपेक्षा अगदी माफक असतात. मिटल्यावर तो वहीएवढा व्हावा आणि उघडल्यावर फळ्याएवढा दिसावा, एवढंच. मीही त्यातलाच. म्हणून एकदाचा फूटपट्टी, कॅल्क्युलेटर आणि पुठ्ठा घेऊन बसतो आणि तासाभरात लक्षात येतं की लॅपटॉपच्या जाहिरातीत दोन आकडे मोठ्या टायपात छापलेले असतात आणि आपल्याला हवा असलेला तिसरा आकडा कुठेच छापलेला नसतो.

पहिला आकडा इंचांचा. हा रुंदीचा नाही आणि उंचीचाही नाही. हा कर्ण. एका कोपऱ्यातून निघून तिरपा समोरच्या कोपऱ्यात जाणारा. त्या दिशेने आजवर कोणी एक ओळ वाचलेली नाही. खोलीचं माप कोणी कर्णात सांगितलं तर आपण जिन्यावरूनच परत फिरू, पण स्क्रीनच्या बाबतीत मान डोलावतो. पुराणातल्या कर्णाने अंगावरचं कवच उतरवून दिलं. हा कर्ण एक सेंटिमीटर उंची सोडायला तयार नसतो. १३.३ इंची स्क्रीन १६:९ आकाराची (रुंदी सोळा भाग, उंची नऊ भाग) असेल तर ती २९.४ सेंटिमीटर रुंद आणि १६.६ उंच भरते. तीच १६:१० असेल तर २८.६ रुंद आणि १७.९ उंच. कर्ण तोच, आकडा तोच, पण क्षेत्रफळ पाच टक्क्यांनी जास्त, आणि मुख्य म्हणजे उंची १.३ सेंटिमीटरने जास्त. जुनी ४:३ ची पद्धत राहिली असती तर त्याच कर्णात २०.३ सेंटिमीटर उंची मिळाली असती. पण त्या पडद्यावर सिनेमा बघताना वर-खाली काळे पट्टे येतात, आणि लॅपटॉप घेताना प्रत्येक जण ‘कामासाठी’ म्हणत असला तरी काळे पट्टे खपवून घेत नाही.

उंचीचा एवढा सोस कशाला? कारण आपण वाचतो ते सगळं वरून खाली सरकतं, आणि पडद्यावरचे सगळे भाडेकरू नेमके वर-खालीच राहतात. खाली टास्कबार, वर ब्राउझरचे टॅब, त्याखाली पत्त्याची पट्टी, त्याखाली संकेतस्थळाची स्वतःची पट्टी. बाजूच्या जागेकडे कोणी फिरकत नाही. १३६६ × ७६८ पिक्सेलच्या, म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असलेल्या पडद्यावर ७६८ पैकी ४० पिक्सेल टास्कबारचे (विंडोज १० मध्ये) आणि सव्वाशेच्या आसपास ब्राउझरचे. उरले सहाशे. ११.६ इंची पडद्यावर सहाशे पिक्सेल म्हणजे सव्वाअकरा सेंटिमीटर. एवढ्या फटीतून मोठा तक्ता वाचणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघण्यासारखं: नवरा दिसतो तेव्हा नवरी दिसत नाही.

या १३६६ चंही एक कोडं आहे. ७६८ उंचीला १६:९ ने रुंदी काढली तर उत्तर १३६५.३३ येतं. पिक्सेलचा तिसरा हिस्सा कापता येत नाही, म्हणून केले १३६६. संगणकाला प्रिय असलेल्या आठाने याला भागही जात नाही. वर्षानुवर्षं स्वस्त लॅपटॉपांवर हा आकडा ठाण मांडून बसला होता.

त्याहून लहान जागेतही संसार झाले आहेत. २००७ साली आलेल्या आसूसच्या पहिल्या ईईई पीसी या चिमुकल्या लॅपटॉपला सात इंची पडदा होता, ८०० × ४८० पिक्सेलचा. पुढे १०२४ × ६०० वाल्या नेटबुकांची, म्हणजे अशाच छोट्या लॅपटॉपांची, लाट आली. त्यावरची खरी गंमत म्हणजे सेटिंगची खिडकी पडद्यापेक्षा उंच निघायची आणि ‘ओके’चं बटण तळघरात राहायचं. तेव्हा ऑल्ट आणि स्पेस दाबून खिडकीचा मेनू उघडायचा, एम दाबायचं आणि वरच्या बाणाने अख्खी खिडकी छताबाहेर ढकलायची. लिनक्सवाले ऑल्ट धरून माउसने ओढायचे. आजही कमी उंचीच्या पडद्यावर स्केलिंग (अक्षरं आणि बटणं किती पट मोठी दाखवायची ते सेटिंग) जास्त ठेवलं की हेच बटण पुन्हा गायब होतं, म्हणून ही युक्ती जपून ठेवावी.

आता दुसरा आकडा, रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर आडवे किती आणि उभे किती पिक्सेल. इथे माणूस खरा फसतो. जास्त पिक्सेल म्हणजे जास्त जागा, असं आपण धरून चालतो. मोठ्या मॉनिटरवर ते बऱ्याच अंशी खरंही आहे. लहान लॅपटॉपवर घोडं अक्षरांच्या आकारापाशी अडतं. एका इंचात किती पिक्सेल बसतात ते काढायला सोपं आहे: रिझोल्यूशनचा कर्ण पिक्सेलमध्ये काढायचा आणि इंचांनी भागायचं. १३६६ × ७६८ चा कर्ण १५६७, फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० चा २२०३, १९२० × १२०० चा २२६४, २५६० × १६०० चा ३०१९ आणि ३८४० × २१६० म्हणजे फोर के चा ४४०६. याला १३.३ ने भागलं की फुल एचडीचे इंचाला १६६ पिक्सेल येतात, फोर के चे ३३१.

विंडोजच्या मते १०० टक्के स्केलिंग म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल. १६६ च्या पडद्यावर १०० टक्केच ठेवलं तर अक्षर मूळ मापाच्या ५८ टक्के होतं. पहिले दोन दिवस छाती फुगते, केवढी जागा! तिसऱ्या दिवशी नाक पडद्याला टेकतं. मग माणूस निमूटपणे १५० टक्के करतो. आता हिशेब बघा. १९२० × १०८० ला दीडने भागलं की उरतात १२८० × ७२०. म्हणजे ज्या १३६६ × ७६८ ला नाकं मुरडली, त्याहूनही कमी जागा! अक्षरं सुबक आणि मोठी आहेत, एवढाच दिलासा. १२५ टक्क्यांवर १५३६ × ८६४ मिळतात. डोळे तरुण असतील तर हा बरा मध्यममार्ग.

आणि फोर के? १३.३ इंचात वाचण्याजोगं अक्षर हवं तर स्केलिंग ३०० टक्के. ३८४० × २१६० भागिले तीन म्हणजे १२८० × ७२०. हो, तेच! २५० टक्के केलं तर १५३६ × ८६४, म्हणजे पुन्हा फुल एचडीचंच घर. वीस लाखांच्या जागी ८३ लाख पिक्सेल मांडले आणि खोली इंचभरही वाढली नाही, फक्त भिंतींना गिलावा झाला. शिवाय पिक्सेल लहान केले तरी त्यांच्यातल्या तारा आणि ट्रान्झिस्टर त्याच प्रमाणात लहान होत नाहीत. ते प्रकाश अडवतात, म्हणून एलसीडी पॅनेलमागचा बॅकलाइट जास्त पेटवावा लागतो. ग्राफिक्स चिपला चौपट पिक्सेल रंगवावे लागतात ते वेगळंच. हे सगळं बिल बॅटरीच्या नावे फाटतं. लहान लॅपटॉपला फोर के म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

डोळ्यांची बाजूही ऐकून घ्यावी. साधारण निरोगी डोळ्याला अंशाचा साठावा भाग एवढा बारकावा कळतो. पन्नास सेंटिमीटरवरून तो ०.१४५ मिलिमीटर होतो, म्हणजे इंचाला सुमारे १७५ पिक्सेल. चाळीस सेंटिमीटरवर वाकून बघितलं तर २१८. लॅपटॉपचा पडदा कीबोर्डला बिजागरीने बांधलेला असल्यामुळे टायपिंग करताना तो सहसा पन्नास-साठ सेंटिमीटरवर येतो. म्हणून १३.३ इंचांत १६६ (फुल एचडी) ते २२७ (२५६० × १६००) या पट्ट्यातलं काहीही चालतं. चाळिशी लागलेल्यांची आणखी एक अडचण: वाचायचा चष्मा साधारण चाळीस सेंटिमीटरसाठी असतो, पडदा पन्नासवर, मग मान वर करून, हनुवटी पुढे काढून ऋषिमुद्रेत बसावं लागतं. यावर रिझोल्यूशन हे औषध नाही. चष्मेवाल्याला अंतर मोजून सांगणं, हे आहे.

बारीक पिक्सेलांच्या बाजूने मात्र आपल्या लिपीची साक्ष काढावी लागते. रोमन अक्षराला जेवढी उंची पुरते तेवढ्यात देवनागरीला शिरोरेषेवर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मधे ‘ष्ठ्य’सारखी तीन मजली चाळ बसवायची असते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक म्हणजे शिरोरेषेतली एक बारीक फट. इंचाला शंभर पिक्सेलच्या पडद्यावर ती फट एखाद्या पिक्सेलची होते आणि कडा मऊ करण्याच्या नादात बुजते. मग ‘उद्या भरणार’चं ‘उद्या मरणार’ होतं आणि वाचणारा फोन उचलतो. १५.६ इंचांत १३६६ × ७६८ म्हणजे बरोब्बर शंभरच. मराठी वाचणाऱ्याने तो आवर्जून टाळावा.

स्केलिंगच्या टक्क्यांतही सोवळं-ओवळं आहे. २०० टक्क्यांवर एका पिक्सेलची रेघ दोन पिक्सेलची होते, प्रश्न मिटला. १२५ टक्क्यांवर ती सव्वा पिक्सेलची व्हायला हवी. सव्वा पिक्सेल अस्तित्वात नाही, तेव्हा एक रेघ बारीक, शेजारची जाड, नाहीतर दोन्ही धुरकट. नव्या प्रोग्रॅममधली अक्षरं हव्या त्या मापात नव्याने आखली जातात, त्यांना फारसा त्रास नाही. जुने प्रोग्रॅम मात्र लहान चित्र काढून ते ताणतात आणि धुक्यातून आल्यासारखे दिसतात. लिनक्सच्या काही डेस्कटॉपांवर आधी दुप्पट मापात सगळं रंगवून मग आक्रसतात. दिसतं बरं, पण चिप घाम गाळते. म्हणून १३.३ इंचांत २५६० × १६०० मला आवडतो: २०० टक्क्यांवर स्वच्छ १२८० × ८००, कुठे तडजोड नाही.

आता तो न छापलेला तिसरा आकडा: ओळी. १३.३ इंची फुल एचडीवर १५० टक्के ठेवलं, म्हणजे पडदा १२८० × ७२० चा धरला, तर २४ पिक्सेलची ओळ साधारण साडेपाच मिलिमीटर उंच असते. वरच्या-खालच्या पट्ट्यांना १६० पिक्सेल, म्हणजे ३.७ सेंटिमीटर, सोडून द्या. ११.६ इंची १६:९ पडद्यावर १९ ओळी उरतात. १३.३ इंची १६:९ वर २३, त्याच इंचांत १६:१० वर २५. १४ इंची १६:१० वर २७ आणि १३.५ इंची ३:२ वरही २७. या हिशेबात रिझोल्यूशन कुठेच येत नाही, हे पुन्हा एकदा बघून घ्या. ओळ किती मोठी हवी हे डोळे ठरवतात आणि ओळी किती मावतील हे सेंटिमीटर ठरवतात; पिक्सेल फक्त त्या किती रेखीव दिसतील ते सांगतात. टास्कबार आपोआप लपेल असं सेटिंग केलं तर सेंटिमीटरभर, म्हणजे दोन ओळी, फुकटात परत मिळतात. १६:९ चा लॅपटॉप आधीच घरात असेल तर १६:१० चं सुख इतकं स्वस्त आहे.

मग १२ इंचांखाली का जाऊ नये? बोटांमुळे. पूर्ण मापाच्या कीबोर्डवर एका कळीपासून दुसऱ्या कळीपर्यंत १९ मिलिमीटर असतात आणि एका रांगेत अशी साधारण १५ घरं. झाले साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. १३.३ इंची पडदा जवळपास एवढाच रुंद आहे, हे त्याचं पुण्य. ११.६ इंची पडदा २५.७ सेंटिमीटरचा, त्याच्या खाली कळा दाटीवाटीने बसतात किंवा कडेच्या कळा चिमट्यात सापडल्यासारख्या आक्रसतात, आणि त्यात बळी नेमका उजव्या शिफ्टचा किंवा एंटरचा जातो.

तेव्हा आकड्यांवर विसंबून न राहता पुठ्ठा घ्यावा. एक तुकडा २९.४ × १६.६, दुसरा २८.६ × १७.९, तिसरा ३०.२ × १८.८ (हा १४ इंची १६:१०). सध्याच्या पडद्यावर जे अक्षर आरामात वाचता येतं त्याच्या दहा ओळींची उंची फूटपट्टीने मोजावी. तेवढ्याच अंतराच्या ओळी पेन्सिलीने पुठ्ठ्यावर आखाव्यात, वर-खाली मिळून ३.७ सेंटिमीटर सोडून. पुठ्ठा पुस्तकाला टेकवून पन्नास सेंटिमीटरवर ठेवावा आणि बघावं. यात चमकही येत नाही, बॅटरीही संपत नाही. मग पुठ्ठा नेहमीच्या पिशवीत घालून बघावा, चारी बाजूंना कडांसाठी जरा जास्त जागा धरून. आणि चार्जरही सोबत घालावा. त्याचा कर्ण कोणीच सांगत नाही.